रात्री कवळी कुठं असते?

बेळगावाबाहेर, हमरस्त्यापासून थोडं आत, एका वृद्धाश्रमात माझी आत्ती राहते. आत्या म्हणजे आत्ती, आमच्याकडे असंच म्हणतात. तिच्या खाटेच्या पायथ्याशी एक पुठ्ठा लटकवलेला असतो आणि त्याला महिन्याचा तक्ता चिमट्यानं लावलेला असतो. बीपी, साखर, सकाळच्या गोळ्या, रात्रीच्या गोळ्या, आंघोळ, जेवण, डायपर, संडास. संडासाच्या रकान्यात कधी कधी शेराही असतो: ‘घट्ट’, ‘पातळ’, ‘झाली नाही, चूर्ण दिलं’. शरीराच्या एका टोकाची इतकी बारीक नोंद ठेवणाऱ्या या तक्त्यात दुसऱ्या टोकाला, म्हणजे तोंडाला, रकानाच नाही. हे माझ्या लक्षात यायला दीड वर्ष लागलं, आणि तेही आपणहून आलं नाही.

गेल्या पावसाळ्यात आत्तीचं जेवण तुटलं. आधी भाकरी सुटली, मग दुधात कुस्करलेली भाकरी, मग भातही. ताट पुढं आलं की ती मान फिरवायची, चमचा जवळ नेला तर हातावर फटका मारायची. तिला विसरण्याचा आजार आहे. काय होतंय ते तिला सांगता येत नाही. आश्रमातून फोन आला, “वयोमानानं होतंय, सर. मनाची तयारी ठेवा.” आम्ही ठेवली. पुण्याच्या चुलतभावाला कळवलं, त्यानं रजेची चौकशी केली. पुढच्या रविवारी माझी बायको आत्तीला कुंदा, आमच्याकडची खव्याची मिठाई, भरवायला बसली आणि वासानं मागं सरकली. मग तिनंच गालात बोट घालून वरची कवळी सोडवली. खाली टाळू लालभडक, कडेला जखम, आणि कवळीच्या आतल्या बाजूला अन्नाचा पिवळट थर. ती शेवटची कधी बाहेर निघाली होती, हे तिथल्या कुणालाच सांगता येईना. डॉक्टरांनी बुरशीवरचं औषध दिलं, आठ-दहा दिवस कवळी बाहेर ठेवायला सांगितली, आणि आत्ती जेवायला लागली. रजेची चौकशी केलेला चुलतभाऊ अजून आलेला नाही, ही वेगळी गोष्ट.

मी दर पंधरवड्याला तिथं जात होतो. तिची नखं कापत होतो, शेजारच्या आजोबांशी पावसापाण्याचं बोलत होतो, आणि तिच्या तोंडात एकदाही डोकावलो नव्हतो. त्यामुळे आश्रमाकडे बोट दाखवताना माझा हात जरा अडखळतो. तिथं गादी स्वच्छ असते, इतक्या दिवसांत आत्तीच्या पाठीला एक फोड आलेला नाही, गोळ्या वेळेवर मिळतात. माणसं वाईट नाहीत. हे काम त्यांच्या कामात धरलेलं नव्हतं, एवढंच. माझं भांडण या ‘एवढंच’शी आहे. दुसऱ्याच्या हातावर जगणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचं तोंड रोज दोनदा साफ करणं हे आंघोळ घालण्याइतकंच सांभाळणाऱ्याचं काम आहे. त्याला आंघोळीसारखी ठरलेली वेळ पाहिजे, ठरलेला माणूस पाहिजे आणि तक्त्यात रकाना पाहिजे. आज ते दंतवैद्याच्या खात्यावर टाकून सगळे मोकळे होतात. दंतवैद्य वर्षातून एकदा शिबिराला येतो. उरलेले ३६४ दिवस त्या तोंडाला कुणी वाली नसतो.

तोंडातली घाण पोटात जाते आणि पचून जाते, असा आपला समज आहे. ती छातीतही उतरते. म्हातारपणी गिळणं मंदावतं. पक्षाघात, कंपवात किंवा स्मृतिभ्रंश असेल तर आणखी मंदावतं. झोपेत लाळ श्वासनलिकेकडे ओघळली की धडधाकट माणूस ठसका लागून जागा होतो, यांना बऱ्याचदा ठसका लागतच नाही. त्या लाळेबरोबर दातांवरच्या, जिभेवरच्या, कवळीवरच्या थरातले जंतू फुप्फुसात पोहोचतात. जपानमध्ये ११ शुश्रूषागृहांत दोन वर्षं याचा अभ्यास झाला आणि १९९९ साली त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. एका गटातल्या वृद्धांची तोंडं सांभाळणाऱ्यांनी प्रत्येक जेवणानंतर साफ केली, दुसऱ्या गटाचं नेहमीसारखं चालू ठेवलं. दुसऱ्या गटात १९ टक्के लोकांना न्यूमोनिया झाला, पहिल्यात ११ टक्के. ज्यांच्या तोंडात एकही दात उरला नव्हता, त्यांनाही फायदा झाला. ‘दातच नाहीत तर घासायचं काय?’ हा प्रश्न मी आमच्या भागातल्या दोन-तीन आश्रमांत ऐकलाय. त्याचं उत्तर पंचवीस वर्षांपूर्वीच मिळालेलं आहे.

मात्र न्यूमोनियाचा आकडा दाखवून मला कुणाला घाबरवायचं नाही, कारण सगळे अभ्यास एका सुरात बोलत नाहीत. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात घासण्याला जंतुनाशक द्रावणाची जोड देऊन पाहिली; २०१५ मध्ये जाहीर झालेल्या त्या अभ्यासात न्यूमोनिया कमी झालेला दिसला नाही. अमेरिकेतल्याच नॉर्थ कॅरोलायनात नंतर सांभाळणाऱ्यांना तोंडाच्या निगेचं शिक्षण देऊन पाहिलं. पहिल्या वर्षी फरक पडला, दुसऱ्या वर्षी तो टिकला नाही. मी यातून घेतो ते इतकंच, की रोजचं काम रोज केलं तरच त्याचा उपयोग. एकदा शिकवून, बाटली आणून देऊन ते भागत नाही. कवळीचं मात्र बऱ्यापैकी स्पष्ट आहे. जपानमध्येच पंच्याऐंशी आणि त्यापुढच्या ५२४ वृद्धांना तीन वर्षं पाहिलं, तेव्हा कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका दुपटीहून जास्त निघाला. म्हणून कुठल्याही आश्रमात आपलं माणूस ठेवण्याआधी खोली, पंखा, जेवण बघून झालं की एक प्रश्न विचारावा: रात्री कवळी कुठं असते? उत्तर ‘झाकणाच्या डबीत, पाण्यात, डबीवर नाव’ असं आलं तर ठीक. समोरचा गोंधळला, तर काय ते समजावं.

आणि न्यूमोनिया बाजूला ठेवला तरी दुखणं उरतंच. ज्याला बोलता येतं तो दाढ दुखली की घर डोक्यावर घेतो. ज्याला बोलता येत नाही तो जेवण सोडतो, गालावर थापट्या मारतो, पदराचं टोक चावत बसतो, गार पाणी थुंकतो. आणि आपण म्हणतो, वय झालं. त्यात गोळ्यांची भर. लघवी वाढवणाऱ्या बीपीच्या गोळ्या, नैराश्यावरच्या, झोपेच्या, सर्दी-खाजेच्या कितीतरी गोळ्यांनी लाळ आटते. लाळ हे तोंडाचं घरचं पाणी. ते आटलं की अन्न धुतलं जात नाही. हिरड्या खाली सरकून उघड्या पडलेल्या मुळांना कीड लागते, ती वरून दिसत नाही आणि एक दिवस दात मुळापासून मोडून हातात येतो. साखरेचा आजार असेल तर हिरड्या बिघडतात, आणि हिरड्या बिघडल्या की साखर आवरत नाही, असं दोन्हीकडून चालतं.

इथं आम्हा भेटायला येणाऱ्यांचाही हात आहे. गोकाकचं करदंट, म्हणजे डिंक-सुक्यामेव्याची चिवट वडी, म्हाताऱ्यांना चावत नाही म्हणून आम्ही कुंदा नेतो. मऊ, तोंडात विरघळणारा, आणि कोरड्या तोंडात गाल आणि हिरडीच्या मधल्या खोबणीत तासन् तास बसून राहणारा. मी कुंदा बंद करा म्हणणार नाही, बेळगावात राहून ते म्हणायची माझी हिंमत नाही. भरवून झाल्यावर दोन घोट पाणी पाजून ओल्या फडक्यानं ती खोबण पुसायला मात्र दोन मिनिटंही लागत नाहीत.

मग हे काम राहून का जातं? मी दोन सांभाळणाऱ्या बायकांशी बोललो. दोघी डायपर बदलतात, अंथरूण धुतात, त्याबद्दल त्यांची काही तक्रार नाही. कवळीचं विचारल्यावर एकीनं तोंड वाकडं केलं. “सर, ते उष्टं की.” हा शब्द ऐकून मी जरा थबकलो. विष्ठा साफ करणं हे सेवेत येतं, आईपणात येतं, त्याला आपल्याकडे पुण्याचं कोंदण आहे. दुसऱ्याची थुंकी मात्र उष्टी, बाटवणारी. लहान बाळाची चालते, कारण बाळाचं सगळंच चालतं. परक्या म्हाताऱ्याची चालत नाही. त्यात हे काम कोण करतं ते बघा: आठ-दहा हजारांसाठी बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या बायका, ज्यांना एरवी कुणाच्या स्वयंपाकघरात शिरू दिलं जात नाही. त्यांनी आपलं राहिलेलं सोवळं नेमकं इथं जपलं, तर मला त्यांच्यावर चिडता येत नाही. त्यांना हातमोजे पुरवायला पाहिजेत. आम्ही गेलो तेव्हा हातमोज्यांचं खोकं कपाटात कुलपात होतं, ‘वाया जातात’ म्हणून.

दुसरी म्हणाली, “त्या चावतात.” हे खरं आहे. आत्तीनं माझंही बोट चावलंय.

निपाणीकडच्या बायकांची आणखी एक गोष्ट. आत्ती लग्नाआधी निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. तिच्या पिढीतल्या तिकडच्या कितीतरी बायकांचं दात घासणं म्हणजे मशेरी: तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची आणि सकाळी बोटानं हिरड्यांवर चोळत उंबऱ्यावर बसायचं. व्यसन म्हणून तिनं ते कधी मोजलंच नाही, ‘दात घासले’ असंच ती म्हणायची. आश्रमांत याचे दोन प्रकार चालतात. कुठं मशेरी गपचूप देतात, कारण त्यानं म्हातारी शांत राहते. कुठं पहिल्याच दिवशी डबी काढून घेतात. डबी काढून घेणं बरोबरच आहे, पण त्यासोबत त्या बाईचं सकाळचं दात घासणंच काढून घेतलं जातं आणि त्या जागी काहीच येत नाही, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. तिचं बोट, तिचा उंबरा, तिची वेळ तशीच ठेवून बोटावर मशेरीऐवजी थोडी पेस्ट द्यायला काय हरकत आहे? ब्रश नंतर बघू.

आणि ज्या तोंडात चाळीस-पन्नास वर्षं तंबाखू राहिली, त्या तोंडात रोज कुणीतरी बघण्याला वेगळंच मोल आहे. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, एका बाजूला लागणारी गाठ, ही दंतवैद्याकडे ताबडतोब नेण्याची लक्षणं. ती दिसायला पदवी लागत नाही. गाल बाजूला करून उजेडात बघावं लागतं, आणि काल काय होतं ते आठवावं लागतं. वार्षिक शिबिरातल्या डॉक्टरला कालचं ठाऊक नसतं. रोज घासणाऱ्या मावशीला असतं.

आता भाषेचं. बेळगावात कुठलाही विषय भाषेवर आल्याशिवाय राहत नाही, आणि हा तर खरोखरच भाषेचा आहे. आत्तीला बाजारापुरतं कन्नड चांगलं यायचं. शहापूरच्या भाजीवालीशी ती घासाघीस करायची ती कन्नडमधूनच. आजारानं ते आधी नेलं. मागून शिकलेली भाषा आधी विरत जाते आणि आईची भाषा मागं उरते, असं या आजारात अनेकदा होतं. तिला सांभाळणारी मुलगी गोकाककडची. कष्टाळू, प्रेमळ, मराठी जेमतेम. ती सकाळी ब्रश घेऊन येते आणि म्हणते, “बाय तगीरी.” तोंड उघडा. कन्नडमध्ये बायि म्हणजे तोंड. आत्तीला वाटतं, तिला ‘बाय’ म्हणून हाक मारली. ती गोड हसून म्हणते, “काय गे?” आणि तोंड मिटून वाट बघत बसते. मुलगी पुन्हा सांगते, आवाज चढवते, मग हनुवटी धरते, आणि मग आत्ती चावते. तक्त्यावर शेरा पडतो: ‘सहकार्य करत नाहीत.’

याच्या नेमकं उलटही घडतं. मराठी बोलणाऱ्या मावश्या कन्नड आजोबांना ‘आ करा, आ करा’ म्हणत राहतात. आपण पाट्यांच्या भाषेसाठी मोर्चे काढले, १ नोव्हेंबरला काळ्या फिती लावल्या, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात सीमाप्रश्नाचा दावा चालू आहे. मी त्या मोर्च्यांत चाललोय, त्याबद्दल मला खेद नाही. पण सकाळी सात वाजता खाटेशी कुठली भाषा बोलली जाते, हा प्रश्न आमच्या कुठल्याही निवेदनात मला दिसलेला नाही. त्याला न्यायालय लागत नाही. तोंड उघडा, चूळ भरा, थुंका, दुखतंय का, झालं आता: पाच वाक्यं. खाटेच्या डोक्याशी एका कागदावर ती कन्नड लिपीत मराठी उच्चारांनी लिहून लावली, की गोकाकच्या मुलीचं काम झालं. कन्नड आजोबांसाठी उलटा कागद. आम्ही लावला. ती मुलगी आता “आत्ती, चूळ भरा” म्हणते, ‘चूळ’मधला ‘च’ तिला नीट येत नाही, आणि आत्ती चूळ भरते. कधी गिळते. पण चावत नाही.

भाषेइतकंच महत्त्व पद्धतीला आहे, कारण ‘त्यांनाच नको असतं, कशाला छळायचं’ हा युक्तिवाद सगळ्यात जास्त ऐकू येतो. मी तो हलका मानत नाही. ऐंशी वर्षांच्या बाईच्या तोंडात तिच्या मनाविरुद्ध ब्रश खुपसणं ही हिंसाच आहे. पण ‘नको’ म्हणजे बऱ्याचदा ‘असं नको’ असतं. खाटेवर आडव्या माणसाच्या डोक्यामागून हात आला तर कुणीही दचकेल. समोर बसून, डोळ्यांच्या पातळीवर येऊन, आधी ब्रश त्यांच्याच हातात द्यायचा आणि त्यांच्या हातावर आपला हात ठेवून चालवायचा. हात ओळखतो, ऐंशी वर्षांची सवय डोक्यातून गेली तरी मनगटात उरलेली असते. मान मागं टाकायची नाही, किंचित पुढं झुकवायची, म्हणजे पाणी श्वासनलिकेत जात नाही. लहान मुलांचा मऊ, छोट्या डोक्याचा ब्रश घ्यायचा. पेस्ट वाटाण्याएवढी, जिला थुंकता येत नाही तिला त्याहून कमी, फक्त माखल्यासारखी, आणि उरलेलं ओल्या कापडानं टिपून घ्यायचं. पेला भरून पाणी द्यायचं नाही. आज सकाळी जमलं नाही तर दुपारी. दुपारी नाही तर गाणं लावून संध्याकाळी. तीनदा नाही म्हणाल्या तर त्या दिवशी सोडून द्यायचं, पण ते लिहून ठेवायचं. सलग चार दिवस नकार आला तर बहुतेक वेळा तोंडात काहीतरी दुखत असतं, हा माझा अनुभव.

कवळीचं तर याहून सोपं. साधा साबण, मऊ ब्रश, खाली पाण्याचा टब म्हणजे निसटली तरी फुटत नाही. उकळतं पाणी नाही, त्यानं आकार बिघडतो. दातांची पेस्ट नाही, तिनं चरे पडतात आणि चऱ्यांत जंतू बसतात. एका आश्रमात सगळ्यांच्या कवळ्या एकाच बादलीत धुवायच्या आणि मग ज्याला जी बसेल ती द्यायची, अशी पद्धत मी ऐकली. हसू आलं, मग आलं नाही.

यावर चालकांचं उत्तर ठरलेलं: माणूसबळ नाही. हिशेब करून बघू. वीस वृद्ध आहेत. त्यातल्या दहांना मदत लागते असं धरा, प्रत्येकी चार मिनिटं, दिवसातून दोनदा. ऐंशी मिनिटं झाली. सकाळच्या घाईत तेवढा वेळ खरंच नसतो, हे मी उभं राहून पाहिलंय. एक मावशी, सहा आंघोळी, चहा, गोळ्या. मग वेळ बदला. दात सकाळी सहालाच घासले पाहिजेत असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय? खरं तर रात्रीचं घासणं जास्त मोलाचं, कारण झोपेत लाळ कमी होते, आणि रात्री आठ ते नऊ या वेळात आश्रमात सगळे टीव्हीसमोर बसलेले असतात. त्या मालिकेच्या जाहिरातींत चार जणांचे दात घासून होतील. आणि वेळाचे पैसे लागत असतील तर ते आमच्याकडून घ्या. महिन्याला पंधरा-वीस हजार भरणारी मुलं दोनशे रुपयांसाठी अडणार नाहीत. ज्यांच्यासाठी भरणारं कुणी नाही, त्यांचा प्रश्न सरकारचा आहे, आणि तिथं मात्र मला जरा जास्त बोलायचंय.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक चरितार्थ आणि कल्याण कायद्यात कलम १९ आहे. प्रत्येक जिल्ह्यात किमान एक वृद्धाश्रम, किमान १५० निराधार वृद्धांसाठी, राज्य सरकारनं टप्प्याटप्प्यानं उभारावा, असं ते म्हणतं. अनिवार्य म्हणून नाही. ‘उभारू शकेल’ अशा भाषेत. आमचा जिल्हा २०११ च्या जनगणनेत ४७ लाखांच्या वर होता, आणि अथणीहून बेळगावला यायचं तर शंभर किलोमीटरहून जास्त. एका आश्रमानं इथं काय होणार? त्याच कलमात पुढं, आश्रमांचा दर्जा आणि सेवा ठरवताना वैद्यकीय सेवा आणि करमणुकीची साधनं, या दोन गोष्टींचा उल्लेख आहे. करमणूक आठवली, त्याबद्दल धन्यवाद. पण या दोहोंच्या मधे जी रोजची निगा येते, जिच्यावर म्हातारपणाचं खरं सुखदुःख ठरतं, तिला नाव नाही. २०१९ मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं, त्यात सांभाळकेंद्रांसाठी किमान दर्जा ठरवण्याची तरतूद होती, पण ते मंजूर झालं नाही. असा दर्जा ठरवायचा म्हटलं की खाटांमधलं अंतर आणि अग्निशामक यंत्रं सगळ्यांना सुचतात. तोंडाचा रकाना कुणीतरी सुचवला पाहिजे, म्हणून हे लिहितोय.

कर्नाटकात ‘दंत भाग्य’ नावाची योजना आहे. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना दंत महाविद्यालयांमार्फत मोफत कवळी मिळते. चांगली योजना, दात नाहीत म्हणून भाकरी सुटलेल्या माणसाला पुन्हा भाकरी मिळवून देणारी. पण सरकार कवळी देतं आणि तिथं थांबतं. ती रात्री काढायची, धुवायची, पाण्यात ठेवायची, हे ज्याला स्वतःला जमत नाही त्याच्या बाबतीत कोण करणार, याचा विचार योजनेत कुठं आहे? कवळी नीट ठेवली नाही तर तीच आजाराचं घर होते, आत्तीच्या टाळूनं ते दाखवलं. निदान प्रत्येक मोफत कवळीत माणसाचं नाव तरी घाला. कवळी बनवतानाच गुलाबी भागात नावाची चिठ्ठी बसवता येते, त्याला फारसा खर्च नाही. नाव कोणत्या लिपीत, यावर आम्ही पुढची दहा वर्षं भांडू शकतो, तेव्हा आकडा घाला. रेशन कार्डाचा चालेल.

बेळगाव शहरात दोन दंत महाविद्यालयं आहेत, केएलईचं आणि मराठा मंडळाचं. एवढ्या शहराला हे भाग्यच म्हणायचं. आश्रमांत त्यांच्यासारख्या संस्थांची शिबिरं होतात, मी एकाला हजर होतो. फलक होता, पाहुणे होते, सत्कार होता, प्रत्येक वृद्धाला एक ब्रश आणि पेस्टची छोटी ट्यूब मिळाली आणि फोटो निघाले. तपासणीही मनापासून झाली, तरुण डॉक्टर मुलंमुली आजीआजोबांशी फार छान बोलली. महिन्यानं मी आत्तीच्या शेजारच्या खाटेवरच्या आजींच्या कपाटात तो ब्रश पाहिला. वेष्टनात. त्या आजींचे दोन्ही हात पक्षाघातानंतर चालत नाहीत. त्यांना ब्रश दिला, घासणारा हात दिला नाही.

माझी सूचना साधी आहे. त्या शिबिरातला सत्कार काढून टाका आणि तो अर्धा तास मावश्यांना द्या. म्हाताऱ्यांचे दात तपासा, हरकत नाही, पण सांभाळणाऱ्या बाईच्या हातात ब्रश देऊन एका आजीचं तोंड तिच्याकडून साफ करून घ्या, चुकलं तर दाखवा. इंटर्नशिप करणाऱ्या मुलांपैकी एक जण महिन्यातून एकदा परत येऊन तक्ता बघून गेला, तरी वर्षभर दंतवैद्याचं लक्ष आहे हे आश्रमाला कळतं. लक्ष आहे म्हटल्यावर काम होतं, हे आपल्याला शाळेच्या तपासनीसापासून ठाऊक आहे.

माझ्या ओळखीचे एक निवृत्त डॉक्टर हे सगळं ऐकून म्हणाले, “अरे, त्या वयात इतकं कोण बघतो?” ते स्वतः अठ्ठ्याहत्तरचे आहेत, रोज दोनदा घासतात आणि सगळे दात शाबूत आहेत. मी त्यांना विचारलं, तुमचे हात थांबले तर? ते म्हणाले, “मुलगा बघेल.” मुलगा बेंगळुरूला असतो.

आश्रमाच्या चालकांकडे मी रकान्याचं बोललो. ते म्हणाले, तक्ते छापून आलेत, मार्चपर्यंत पुरतील. मी म्हटलं, पेन आहे ना. त्यांनी हसून पट्टी मागवली आणि संडासाच्या शेजारी एक उभी रेघ मारली. वर ‘तोंड’ लिहिलं, खाली कन्नडमध्ये ‘बायि’. पहिल्या महिन्याचा तक्ता मी परवा बघितला. सकाळच्या बऱ्याच खुणा आहेत, रात्रीच्या जरा कमी, दोन ठिकाणी ‘नको म्हणाल्या’. रविवारचे रकाने मात्र ओळीनं कोरे. त्या दिवशी गोकाकची मुलगी सुट्टीवर असते.

मी जातो ते रविवारीच.